घासलेला नंबर

अप्पा, इंजिन चालू झालं. आधी दोन-तीन दिवस नुसता पांढरा धूर ओकून गप्प बसायचं, आणि मग एका सकाळी हँडल मारल्याबरोबर असं धडधडायला लागलं की गॅरेजच्या दारात झोपलेलं कुत्रं उठून पळालं. मिस्त्री हसला, मीही हसले असेन. तुम्ही असता तर डोळे मिटून ऐकलं असतं, ठोका कुठे चुकतोय ते शोधत. मी ऐकत नव्हते. मी त्या जागेकडे बघत होते, फ्लायव्हीलच्या वरच्या बाजूला, बिडाच्या अंगावर जिथे नंबर ठोकलेला असायला हवा आणि जिथे नुसते कानशीचे ओरखडे आहेत. तुम्हाला विचारायचा माझा एकच प्रश्न होता आणि तुम्ही होता तोवर तो माझ्या तोंडून निघाला नाही. शेजारच्या आबांचं इंजिन तुम्ही चोरलं होतं का? आपल्या होडीत बसवलेलं हे इंजिन त्यांचं होतं का? तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली. प्रश्न तुमच्याबरोबर गेला नाही.

हे सगळं सुरू झालं ते भिगवणच्या तात्यांच्या फोनमुळे. तुमचे मित्र तात्या, धरणावर सरकारी नोकरीत असलेले, ज्यांच्या परसात आपली होडी ठेवून आपण बारामतीला आलो. गाव सुटल्यावर त्यांचं नाव आपल्या घरात फारसं निघालं नाही, आणि तुमच्या दहाव्यालाही ते लांब उभे राहून परत गेले होते. त्यांचा नंबर माझ्याकडे नव्हता, माझा त्यांनी कुठून मिळवला हेच मला पहिल्यांदा खटकलं.

"पोरी, तुझ्या बापाची होडी हितं पडून हाय. पोरं म्हणत्यात परसात शेड घालायचं. घेऊन जा, न्हायतर फोडावी लागंल."

"इतकी वर्षं ठेवलीत तुम्ही ती?"

"ठिवली. फोडायला हात उचलला न्हाय."

कुणी कुणाची होडी इतकी वर्षं फुकट सांभाळत नाही, असं मला वाटलं. मी अशीच आहे अप्पा. मंडईत भाजीवाल्याने तोललेलं मी घरी येऊन पुन्हा तोलते. कॉलेजात सहकारी गोड बोलला की त्याला माझ्याकडून कुठल्या तारखेची सुपरव्हिजन हवी आहे ते मी आधी आठवते. हे कुठून आलं ते मला ठाऊक आहे, तुम्हालाही असेल.

मी गेले. होडी दगडांवर चढवलेली, वर ताडपत्री, ताडपत्रीवर चिंचेचा पाला. पुढची फळ्यांची पाटणी, जिला तुम्ही ओटा म्हणायचात, ती पार कुजली होती. पाय ठेवला तर फळी भाकरीसारखी मोडली. आणि मला एकदम तो ओटा तेव्हाचा दिसला. आपण पलीकडच्या करमाळ्याच्या काठाला चाललोय, माणसं कोंबड्या-पिशव्यांसकट खाली बसली आहेत आणि मी एकटी ओट्यावर, पाय पाण्यावर सोडून. तुम्ही मागून ओरडताय, "पाय वर घे, चिलापी चावंल." चिलापी मासा चावत नाही, हे मला माहीत आहे. तरी मी पाय वर घेते, कारण तुम्ही ओरडल्यावर सगळी माणसं माझ्याकडे बघून हसतात आणि ते मला आवडतं.

तात्या माझ्या मागे उभे होते. म्हणाले, "दुरुस्त करायची म्हणतीस? मग इंजिन हितंच माझ्या वळखीच्या मिस्त्रीला दे. मी बसतो त्याच्या बोकांडी." एवढा उत्साह कशाला, असं वाटून मी इंजिन टेंपोत घालून थेट बारामतीला आणलं. होडी तेवढी तिथेच राहिली, कारण ती हलवणं शक्य नव्हतं.

तुम्हाला सगळं माहीत आहे, तरी माझ्या बाजूने एकदा सांगते, कारण मी ते अकरा वर्षांची असताना खालून, मोठ्या माणसांच्या कोपरांमधून पाहिलं. आपलं इंजिन एकच होतं आणि त्याला दोन जन्म होते. पावसाळा-हिवाळा ते होडीत असायचं. उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागे सरकलं की तुम्ही ते बोल्ट खोलून काढायचा, काठावर पंपाला जोडायचा आणि पाणी जसजसं खाली जाईल तसतसं त्याच्यामागे इंजिनही खाली न्यायचा. सगळं गावच असं करायचं. त्या एका उन्हाळ्यात धरण फार खाली गेलं, उपशाला बंदी आली. सरकारी जीप आली आणि काठावरची सापडतील ती इंजिनं जप्त करून घेऊन गेली, त्यात आपलंही गेलं. ऊस जळाला. आणि मग पावसाच्या तोंडावर आपली होडी पुन्हा पाण्यात दिसली, आत करड्या रंगाने रंगवलेलं इंजिन, नंबर घासलेला. त्याच आठवड्यात आबांचं इंजिन काठावरून नाहीसं झालं. आबांनी त्यांचं जीपपासून लपवून वाचवलं होतं. तुमचं तर सरकारच्या आवारात पडलंय, मग हे कुठलं, असं गावाने विचारलं. तुम्ही काहीही सांगितलं नाही. पोलीस तुम्हाला सकाळी घेऊन गेले आणि संध्याकाळी सोडलं, कारण आबांना छातीवर हात ठेवून ते आपलं म्हणता येईना. सगळ्यांची इंजिनं एकाच दुकानातली, एकाच छापाची. पण सोडलं म्हणजे सुटलात असं झालं नाही. होडीत माणसं बसेनाशी झाली. डेअरीवाले आईच्या किटलीतल्या दुधात पाणी आहे का ते आता हात बुडवून बघायला लागले.

खंडेनवमीला तुम्ही इंजिन पुसायला मला दिलं. दरवर्षी मीच पुसायचे, मग तुम्ही हळद-कुंकू लावून झेंडूची माळ घालायचा. शाळेत मुलींनी मला सांगितलं होतं, तुमच्या इंजिनाला नंबर न्हाय म्हणं. त्या जागेवर माझं फडकं थांबलं. मी विचारलं, "अप्पा, हितला नंबर कुठं गेला?" तुम्ही माझ्या हातातून फडकं काढून घेतलं. मारलं नाहीत. इतकंच म्हणालात, "पुसायचं ते पूस. वाचायचं न्हाय." माझ्याशी तुम्ही त्याआधी आणि त्यानंतर कधी त्या आवाजात बोलला नाहीत. दिवाळी झाल्यावर आपण गाव सोडलं.

बारामतीच्या दुकानात तुम्ही पंप दुरुस्त करायचा तेव्हाचं एक मला नेहमी आठवतं. मी डबा घेऊन यायचे. गिऱ्हाईक मोटार टाकून "येतो चहा पिऊन" म्हणून निघालं की तुम्ही त्याला थांबवायचा. "समोर उभं ऱ्हावा, मग खोलतो." लोक वैतागायचे. एकदा एक शेतकरी म्हणाला, "अहो अप्पा, तुमच्यावर इस्वास हाय की." तुम्ही पान्हा खाली ठेवून त्याच्याकडे असं बघितलंत, की तो मुकाट स्टुलावर बसला. त्या वयात मला वाटायचं, ज्याने काही केलं नाही तो माणूस एवढी काळजी घेईल का?

आता मी गॅरेजात स्टुलावर बसायचे. मिस्त्री तरणा, बोलका, कानात बाली घातलेला. पिस्टन लायनरमध्ये इतका धरून बसला होता की डिझेल ओतून तो तसाच ठेवावा लागला, मग लाकडी ठोकळा लावून हळूहळू ठोकत काढला. क्रँक घासायला लेथवर गेला तेव्हा मी मागोमाग लेथवाल्याकडे गेले. नवा लायनर, नव्या रिंगा, बेअरिंग, नोझल, सगळ्याचे खोके मी स्वतः फोडून बघितले.

"मॅडम," तो शेवटी म्हणाला, "एवढं तर आमची सासू बघत न्हाय आमच्याकडं."

"जुना भाग घालून नव्याचं सांगतात, असं ऐकलंय."

"घालत्यात की. पण बाई बसली आसंल तर कसं घालणार?"

त्यानेच मला ओरखडे दाखवले, जणू मला माहीत नाही. "चोरीचं हाय वाटतं. नंबर घासलाय बघा. कुणाचं हाय हे?"

"माझ्या वडिलांचं."

तो जरा वरमला. मग इंजिन डिझेलने धुतलं, करडा रंग खरवडला आणि खाली वाकून म्हणाला, "ह्याचा पाय तुटून जोडल्याला हाय. पितळ भरलंय. जुनं काम हाय, आतला हिरवा रंग पितळावनं गेलाय. म्हंजी नवं आसतानाच मोडल्यालं." चार पायांतल्या एका पायावर पिवळी रेघ होती, जखम भरल्यावर राहते तशी. मी मोबाईलवर फोटो काढला आणि घरी आले.

आई भाकरी थापत होती. होडीचं काम मी काढलं तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलत होती. "त्या लाकडाला कशाला हात लावतीस," एवढंच पहिल्या दिवशी म्हणाली होती. मी फोटो तिच्यापुढे धरला. तिने पिठाचा हात लांब धरून मान पुढे केली.

"आपल्याच इंजिनाचा पाय हाय ह्यो. ट्रॉलीतनं उतरवताना मोडला. मी ताट घेऊन उभी, आन् हे म्हणत्यात पुजायच्या आधीच लंगडं झालं."

"म्हणजे हे आपलंच आहे? आबांचं नाही?"

"आपलंच हाय."

"आणि तू हे कुणाला बोलली नाहीस?"

तिने भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. "ह्यांनी आन घातली व्हती. बोललीस तर एक घर बुडंल म्हणले. कुणाचं ते मी इचारलं न्हाय."

"आता तर सांग."

"मला ठावं आसंल तर सांगू ना. तात्याला इचार."

मला आनंद व्हायला हवा होता. इंजिन आपलं निघालं होतं. पण आपलं इंजिन तर सरकारच्या आवारात होतं, ते होडीत आलं कसं? आणि ज्याचं इंजिन आपलंच आहे त्याने नंबर कशाला घासावा? एक शंका गेली आणि तिच्या जागी दोन आल्या. शिवाय आबांचं इंजिन गेलं होतं, ते गेलंच होतं.

भिगवणला तोपर्यंत सुतार कामाला लागला होता. ओट्याच्या फळ्या नव्या, दोन बाभळीच्या फासळ्या नव्या, सांध्यांत कापूस ठासून वर डांबर. मी गेले आणि फळीला नख मारलं, वास घेतला. सागवानाचे पैसे घेऊन दुसरंच लाकूड लावतात.

सुतार म्हणाला, "ताई, लाकूड हाय ते, अत्तर न्हाय."

तात्या बाजूला खुर्ची टाकून बसले होते. ते हसले, "बापावर गेलीया. त्यो बी फळी चाटून बघायचा." सुतार चहाला गेला तेव्हा मी त्यांना पायाचा फोटो दाखवला आणि विचारलं, हे आवारातून बाहेर कसं आलं? तात्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि फोटोकडे न बघता म्हणाले, "मी काढून दिलं."

ते त्या आवाराचे राखणदार होते. इतकी वर्षं मला एवढंच माहीत होतं की ते सरकारी नोकरीत होते. "इंजिनं एकाव एक पडल्याली. पाऊस तोंडाव आलेला. तुझा बाप रोज यायचा, फाटकाला धरून बघत ऱ्हायचा, दवाखान्यात पेशंट बघाया येत्यात तसा. मला बघवंना. एक दिस साहेब जेवाया गेल्यालं, म्हणलं घिऊन जा तुझं. दोघांनी उचलून होडीत घातलं आन् बांबूनं रेटत न्हेली. भर दुपारी. कुणी बघितलं न्हाय."

"आणि नंबर?"

"माझीच कानस. माझीच अक्कल. म्हणलं, नंबर न्हाय तर पुरावा न्हाय. सरकारी जप्तीचा माल व्हता त्यो."

"तात्या, इंजिन आपलं आहे हे सांगायला तेवढाच एक पुरावा होता."

"त्ये पोलीस आल्याव कळलं." त्यांनी खुर्ची सावलीत ओढली. "तुझ्या बापानं माझं नाव घेतलं न्हाय. घेतलं आसतं तर नोकरी गेली आसती. ह्ये घर न्हाय, पेन्शन न्हाय, काय न्हाय."

मी त्या घराकडे बघितलं. वर मजला चढवलेला, खिडक्यांना सरकत्या काचा. मला राग आला नाही, मला हिशेब जुळत नाही असं वाटलं. एवढे उपकार ज्याच्यावर झाले तो माणूस तासाभराच्या वाटेवरच्या बारामतीला मित्राला भेटायला का आला नाही? मी तसं विचारलं.

"आलो व्हतो की. एकदाच. दुकानात. तुझ्या बापानं हातातलं काम ठिवलं आन् म्हणला, तात्या, खरं सांग, आबाचं इंजिन तू न्हेलंस का? फाटकाची किल्ली तुझ्याकडं, गाडीवालं तुझ्या वळखीचं." तात्यांचा आवाज बारीक झाला. "मला लई राग आला, पोरी. कारण मी त्येच इचाराया गेलो व्हतो. मला वाटत व्हतं, एक न्हेलं तवा ह्याचा हात सरावला. आबाचं ह्यानंच न्हेलं."

"मग?"

"मग काय. मी चहा बी घेतला न्हाय."

अप्पा, मी तो दिवस आठवायचा प्रयत्न केला. मी डबा घेऊन आले तेव्हा कधीतरी दुकानात न घेतलेला चहाचा कप होता का? आठवत नाही. एवढं आठवतं की तुम्ही होडी आणायला कधी गेला नाहीत, आणि आईने विचारलं की म्हणायचा, पडू दे तिला. मला तेव्हा वाटायचं, लाज वाटते म्हणून जात नाहीत.

मी तात्यांना म्हटलं, हे मला सांगून उपयोग नाही, गावात चला आणि आबांना सांगा. तात्या कचरले. आबा खाटेवर आहेत, आता कशाला, मला कोण विचारणार आहे. मी म्हटलं, खाटेवर आहेत, गेलेले नाहीत. खरं तर मला अजूनही त्यांचा भरवसा वाटत नव्हता. आवारातून एक इंजिन काढून देणारा माणूस आबांचं का नेणार नाही? मला त्यांना आबांच्या घरच्या माणसासमोर उभं करून त्यांचं तोंड बघायचं होतं.

होडी पाण्यात उतरली तेव्हा तात्यांनी नारळ फोडला. इंजिन बसलं, पंखा लागला. पहिल्याच हँडलला सुरू झालं आणि सगळा ओटा माझ्या पायाखाली थरथरला. पाणी गच्च भरलेलं होतं. दूरवर उथळात रोहित पक्षी उभे होते आणि त्यांच्याभोवती पुण्याच्या पाहुण्यांच्या होड्या. तात्यांनी सुकाणू धरलं. माझ्याकडे ते दिलं नाही, मीही मागितलं नाही.

गावाच्या काठाला आबांचा मुलगा म्हशी धूत होता. आता पन्नाशी ओलांडलेला, पोट सुटलेला. होडी बघून त्याने कमरेवर हात ठेवले. "काय तात्या! चोरीचा माल पुन्यांदा पाण्यात सोडला व्हय?" मग मला बघितलं आणि ओळखलं. "ताई, चेष्टा केली हां. राग नगा मानू."

तात्यांनी इंजिन बंद केलं. त्या शांततेत ते जरुरीपेक्षा मोठ्याने बोलले, पाठ केलेलं बोलावं तसं. "आरं, ह्ये इंजिन हिच्या बापाचंच व्हतं. जप्तीतनं मी काढून दिलं. नंबर मी घासला. त्यानं तुमचं न्हेलं नव्हतं."

मी मुलाच्या तोंडाकडे बघत होते. त्याने म्हशीच्या पाठीवर पाणी मारलं. "त्ये ठावं हाय की. आमचं गावलं व्हतं."

मला आधी समजलंच नाही. तात्यांनाही नाही. "काय गावलं?"

"इंजिन. पुढल्या उन्हाळ्यात. गेलं तवा हितं पाऊस नव्हता, पर वर घाटात झाला आन् रातीत पाणी वर आलं. काठ ढासळला, इंजिन खाली गाळात गेलं. आमी कमरंएवढ्या पाण्यात बांबूनं चाचपलं, लागलं न्हाय, म्हणलं पाण्याच्या आधीच कुणी न्हेलं. दुसऱ्या साली धरण खाली गेल्याव चाक वर दिसलं."

तात्या होडीच्या कडेवर बसले. "गावलं व्हतं," ते स्वतःशीच म्हणाले. मग पुन्हा, "गावलं व्हतं?"

मी विचारलं, "मग सांगितलं का नाही?"

"तुमी कुठं व्हता गावात?" तो म्हणाला, आणि मग त्यालाच ते पुरेसं वाटलं नसावं. "पोलीस आमीच आणल्यालं. आबा म्हणले, आता कुठल्या तोंडानं सांगायचं? बघू म्हणले. मग ऱ्हायलंच ते सांगायचं."

त्याच्या आवाजात वाईटपणा नव्हता. लग्नाची पत्रिका द्यायची राहून जावी, तसं राहून गेलं होतं. आणि मी काय केलं असेन, अप्पा? मी रडले नाही. मी म्हटलं, "दाखवा."

तो मला गोठ्यात घेऊन गेला. कोपऱ्यात इंजिन होतं, गंजून लाल झालेलं, त्याला एक रेडकू बांधलेलं. मी खाली वाकले आणि ओढणीने ती जागा पुसली. नंबर होता. सगळेच्या सगळे आकडे होते. पायही चारही धड होते. तो म्हणाला, आबा आत आहेत, पण आता माणसं ओळखत नाहीत. हे खरं आहे का, ते बघायला मी आत गेले नाही. परतताना तात्यांनी इंजिन चालू करायला मला हँडल दिलं. माझ्याच्याने ते फिरेना, मग दोघांनी मिळून फिरवलं. भिगवणचा काठ आल्यावर ते म्हणाले, "त्याला जाऊन इतकी वरसं झाली," आणि दोर घेऊन खाली उतरले.

घरी आले तेव्हा आई मेथी निवडत होती. मी तिला सगळं क्रमाने सांगितलं. तात्यांनी काढून दिलं, तात्यांनी घासलं, आबांचं गाळात सापडलं. ती मेथी निवडतच होती.

"गाळात गावलं?"

"हो."

"तू बघितलंस?"

"बघितलं. हात लावून बघितलं."

तिने काड्या बाजूला केल्या, पानं टोपलीत टाकली. मग मान खाली घालूनच म्हणाली, "म्हंजी ह्यांनी नव्हतंच न्हेलं."

मी तिच्याकडे बघत राहिले. आपलं इंजिन आपलं आहे हे तिला पायावरून माहीत होतं, पहिल्या दिवसापासून. पण दुसऱ्या इंजिनाचं तिला माहीत नव्हतं. तुम्ही आन घातलीत, तिने पाळली, तुमच्यासाठी भाकऱ्या केल्या, तुमच्या आजारपणात रात्रंदिवस बसली, तुम्ही गेल्यावर इतकी वर्षं तुमच्या फोटोला हार घातला, आणि त्या सगळ्या काळात हे वाक्य तिच्यापाशी होतं, उलट्या बाजूने: ह्यांनीच न्हेलं आसंल. तिने माझ्याकडे बघितलं आणि तिलाही माझ्याबद्दल तेच कळलं असावं. ती मेथी धुवायला उठली.

म्हणून हे पत्र असं लिहून ठेवते आहे आणि तुमच्यापर्यंत पोचवायची काही सोय असती तरी पाठवलं नसतं. गावाला काय वाटत होतं ते तुम्हाला माहीत होतं. तात्यांना काय वाटत होतं तेही, त्या दुकानातल्या दिवशी, तुम्हाला कळलं असणार. पण संध्याकाळी ताटावर बसलात की एका बाजूला आई असायची, एका बाजूला मी, आणि तिथे तरी कुणी तुमच्याकडे तसं बघत नाही असं तुम्हाला वाटत होतं, असं मी धरून चालले आहे. त्याबद्दल मला काहीच खात्री नाही. तरी तेवढं तसंच राहू दे.